देवाऱ्यातली मेडलं

आमच्या देवाऱ्यात इंग्रजांचा राजा होता. हे मी सांगते तेव्हा माझी नात तोंडावर हात ठेवून हसते, आणि तिचं काही चुकतं असंही नाही. पण होता तो होता, नाही कसं म्हणू? एका बाजूला खंडोबाचा टाक, दुसऱ्या बाजूला मायनं माहेरून आणलेला देवीचा टाक, मधे शेंदूर फासलेला गोटा, आणि या सगळ्यांच्या पुढ्यात पितळेच्या ताटलीत माझ्या बापाची लढाईतली मेडलं. त्यातल्या गोल मेडलावर राजाचं तोंड होतं, डोक्यावर मुकुट. उलटून पाहिलं तर एक सिंह दोन तोंडांच्या जनावराच्या उरावर पाय रोवून उभा. मायच्या हिशेबी मुकुट घालणारा तो देव आणि सिंह म्हणजे देवीचं वाहन, त्यात विचारायचं काय? दुसरी दोन मेडलं चांदणीच्या आकाराची, तांबूस धातूची. चौथं मेडल जपान्याचं. त्याच्यावर ढगांवर उभं असलेलं कुत्र्यासारखं एक केसाळ जनावर होतं. माय त्याला खंडोबाचं कुत्रं म्हणायची आणि त्यालाही कुंकू लावायची.

बा ब्रह्मदेशातल्या लढाईतून आला तेव्हा मी जन्मायची होते. त्याची स्वतःची मेडलं त्याच्यासोबत आली नाहीत. ती बऱ्याच काळानं टपालानं आली, पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्यांतून, आणि आणणारा माणूस आमच्या वस्तीत पाय टाकायला तयार नव्हता म्हणून त्यानं बाला पारापाशी बोलावून खोकी जमिनीवर ठेवली. बानं ती धूळ झटकून उचलली. बा लढाईवर होता तेव्हा मायनं देवीला साकडं घातलं होतं, माणूस जिता आण, जे घेऊन येईल ते तुझ्या पायाशी ठेवीन. आता शब्द म्हणजे शब्द. तिनं मेडलं देवाऱ्यात मांडली आणि दर सणाला चिंच आणि राख लावून अशी घासली, की राजाचं नाक दिसेनासं होत आलं. बा डोक्याला हात लावायचा. "अवं कमलच्या माय, तो देव नोहे. तो लंडनचा माणूस हाय. मेला बी तो." माय राखेच्या हातानंच केस मागं सारायची. "लंडनचा असो का चांद्याचा. तुमाले जिता धाडलं ना त्यानं? मंग बसू द्या त्याले तिथं." घरात माझ्या बापाचा आवाज कधीच फार चढला नाही. सगळा आवाज पलटणीत वापरून संपला असं माय म्हणायची.

मारेगावच्या अलीकडचं आमचं गाव, कापसाचं. दिवाळीनंतर दोन्ही वेळच्या जेवणात कापसाचे तंतू निघायचे. माय वेचणीला जायची. बोंडांच्या टोकांनी तिची बोटं कायम ओरबाडलेली. संध्याकाळी चुलीवर भाकर टाकताना ती पिठात माखली की चरचरायची आणि माय तोंडातल्या तोंडात कपाशीला शिव्या द्यायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, त्यावर कच्चं तेल, सोबत तोंडी लावायला ठेचा. आता डॉक्टरनं मला तिखट बंद केलंय, पण त्या ठेच्याचं नाव काढलं तरी जिभेला पाणी सुटतं. जेवायला बसलं की बा गोष्टी सांगायचा, आणि त्याच्या गोष्टी लढाईच्या कमी आणि मेडलांच्या जास्त असायच्या. पायात लोखंडाची कपची घुसून तो आसामातल्या दवाखान्यात पडला होता. तिथं मुलखामुलखाचे सोल्जर, आणि प्रत्येकाच्या सरकारची मेडलं निराळी. गुरख्याचं कोणतं, आफ्रिकेच्या काळ्या सोल्जराचं कोणतं, बाला सगळी पाठ.

"शेजारच्या खाटेवर अमेरिकन होता," बा सांगे. "त्याच्या सायबानं येऊन त्याच्या उशीवर मेडल ठेवलं. जांभळं, काळजाच्या आकाराचं. म्या इचारलं, कायचं? त म्हणे जखमेचं. त्यांच्यात जखम झाली का मेडल देते."

"जखमेचं?" मायचा हात थांबला. "पडलं-धडपडलं तरी?"

"नाई वं. दुश्मनाच्या हातची जखम लागते."

"मंग मले त टोपलंभर भेटली असती," माय म्हणाली आणि तिनं तव्यावरची भाकर उलटवली.

जपान्याच्या मेडलाची गोष्ट बा क्वचित सांगायचा. पाय बरा झाल्यावर त्याला कैद्यांच्या तंबूत पाणी द्यायच्या कामावर लावलं होतं. तिथं एक पोरगा होता, मिसरूडही न फुटलेला, पोटात गोळी लागलेला. बानं त्याला पाणी पाजलं. पोरानं अंगरख्याच्या आतून मेडल काढलं, बाच्या तळहातावर ठेवलं आणि बाची मूठ स्वतःच्या हातानं मिटवली. दुसऱ्या दिवशी खाट रिकामी. ते तुझं असू दे म्हणाला, की माझ्या घरी पोचव म्हणाला, बाला कळलं नाही. विचारणार कोणाला? म्हणून त्यानं ते आपल्या मेडलांसोबत ठेवलं.

बाच्या मेडलांवर त्याचं नाव ठोकलेलं होतं, इंग्रजीत. गावात त्याला सुख्या म्हणायचे. मेडलाच्या कडेवर तो शिपाई सुखदेव होता, सबंध. पुढं मी इंग्रजी शिकले तेव्हा पुस्तकाबाहेरचा पहिला शब्द वाचला तो हाच. आणि या मेडलांचं खरं काम देवाऱ्यात नव्हतंच. ते होतं मोठ्या गल्लीत. आमच्या वस्तीतून शाळेकडं, गिरणीकडं, बाजाराकडं जायचा सरळ रस्ता मोठ्या गल्लीतून, आणि गल्लीच्या मधोमध पाटलाचा ओटा. ओट्यावर सकाळपासून माणसं बसलेली. आमच्या लोकांनी ओटा यायच्या आधी पायातलं काढायचं, हातात घ्यायचं, ओटा मागं पडला की घालायचं. कोणी लिहून ठेवलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. बायकांना तर हा त्रासही नव्हता, कारण त्यांच्या पायात काही नसायचंच. पण पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला गुरुजी बाला झेंड्याला बोलवायचे. तेव्हा बा देवाऱ्यातून आपली तीन मेडलं काढून छातीवर लावायचा, पलटणीतले बूट घालायचा आणि त्या गल्लीतून ठाकठाक चालत जायचा. पहिल्या वेळी पाटलानं विचारलं होतं, "हे काय रे, सुख्या?" बानं थांबून सलाम ठोकला. "सरकारचं हाय, पाटील." वर्षातून दोनदा, एका माणसाला, तेवढा रस्ता उघडा होता.

मग आमच्या वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेऊन आली. बाही गेला होता. पांढरा सदरा घालून परत आला तेव्हा त्याची चाल मला नवीच वाटली. वस्तीत ठरलं, घराघरातले देव एकाच दिवशी नाल्यावरच्या डोहात सोडायचे. ठरवण्यात पुढं दोघं, एक माझा बाप आणि दुसरे कोंडबा. कोंडबा आधी देवीचे भगत. अंगात यायचं त्यांच्या, कमरेपर्यंत जटा. त्यांनी जटा कापल्या, हलगी फोडली आणि ज्या जोरानं पूर्वी देवीचं करायचे त्याच जोरानं आता दुसऱ्यांच्या घरात डोकावून देव उरला का ते पाहायचे. बा घरोघर सांगत फिरला, "देवाऱ्यातलं काहीच ठेवायचं नाई. काहीच म्हंजे काहीच नाई." आमच्या घरीही येऊन तेच सांगून गेला. मायनं ऐकलं, हुं म्हणाली.

तो दिवस जत्रेसारखा गेला, जत्रा हा शब्द आता चालत नसला तरी. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन, पुरुष घोषणा देत, आम्ही पोट्टे पुढं पळत. डोहाशी एकेकानं आपलं गठोडं सोडलं. कोणी काठावरून अलगद सोडलं, कोणी डोळे मिटून. बा मात्र मधे जाऊन उभा राहिला, आमच्या घरचं गठोडं गरगर फिरवलं आणि असं भिरकावलं की सगळ्यांच्या पलीकडं, डोहाच्या ऐन खोलात जाऊन पडलं. पलटणीत बाँब फेकायला शिकवलेला हात तो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बापाचा एवढा अभिमान वाटला, की मी शेजारच्या भुराबाईच्या लेकीला कोपर मारलं. भुराबाई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, मायची जिवाभावाची मैत्रीण.

पुढचं कळलं ते काही दिवसांनी. मेडलं पुसून ठेवावी म्हणून बा रिकाम्या कोनाड्यासमोर उभा.

"अवं, मेडलं कुठी ठेवली?"

"देवाऱ्यातली? गेली ना."

"गेली म्हंजे?"

"गेली म्हंजे गेली. तुमीच त फेकली. गरगर फिरवून."

बा मटकन खाली बसला. "अवं बाई... मेडलं काहून बांधली त्यात?"

"बाप्पा!" माय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काहीच म्हंजे काहीच नाई, असं कोण सांगून गेलं? म्या इचार केला, मानूस एवढा बदलला, आता मेडलं बी सोडून राह्यला. माह्या मायच्या हातचा टाक गेला, म्या हूं का चूं केलं नाई. मले का मालूम तुमचा राजा तेवढा ठेवायचा होता?"

मी दारामागं उभी होते आणि मला हसू येत होतं, पण बाचा चेहरा पाहिला आणि हसू जिरलं. मला त्या वयातही कळत होतं काय गेलं ते. सव्वीस जानेवारी आली की बा त्या गल्लीतून कसा जाणार? छाती रिकामी, तर बूट हातात घ्यावे लागणार. आणि एकदा हातात घेतलेले बूट पुन्हा पायात जात नाहीत.

डोह काही समुद्र नव्हता. बाला पोहता येत होतं. पण जाणार कसा? ज्यानं सगळ्या वस्तीला देव बुडवायला लावले, तोच डोहात बुडी मारून गठोडं वर काढताना दिसला तर? गावातले लोक टपूनच होते. कोणत्या घरात पहिल्यांदा माघार होते यावर ओट्यावर रोज चर्चा. कोणाच्या पोराला ताप आला की म्हणायचे, देवीचा कोप, आता पाहा कसे परत काढतात. आणि आमच्यातही दोन-तीन घरं काठावर होती. सुखदेवनं देव काढले म्हटल्यावर त्यांना थांबवायचं कोणी? मेडलं काढायला गेलो होतो हे सांगून कोणाला पटणार? बा रोज काही निमित्त काढून डोहाकडं जायचा. कधी अंघोळ, कधी शेजाऱ्याचा बैल धुवायला. काठावर उभा राहून पाण्याकडं पाहायचा आणि अंग न भिजवता परत यायचा. जेवताना गोष्टी बंद झाल्या. अशात शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला. "गुरुजींनी सांगतलं, या वेळी झेंड्याले तालुक्याचे सायेब येऊन राह्यले, मेडलं लावून ये." बानं मान हलवली आणि पुढ्यातलं ताट सारून उठला. माय त्या संध्याकाळी रडली. "माह्यानंच झालं," म्हणत होती. मी तिला धरून बसले.

दर रविवारी दिवेलागणीला आमची वस्ती निंबाखाली जमायची. वंदना नवीनच पाठ केलेली, अर्ध्या लोकांची चाल निराळी, पण आवाज मोठा. त्या रविवारी कोणाच्या तरी वावरातल्या तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडून आणल्या होत्या. शेंगा सोलता सोलता कोंडबा उभे राहिले.

"सुखदेव, एक इचारतो. तू रोज डोहावर कायले जातं?"

सोलण्याचा आवाज थांबला.

"पाहणारे पाहून राह्यले," कोंडबा म्हणाले. "देव आठवून राह्यले का तुले?"

बा उठला. टाचा जोडल्या, हात मांड्यांशी सरळ, जसा साहेबापुढं उभा राहत असेल तसा. "देव नाई, कोंडबा," तो म्हणाला. "मेडलं. देवासंगं माही मेडलं बी गेली. म्याच फेकली."

मग मागून भुराबाई फिसकन हसली. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. "माय वं!" ती म्हणाली, "अन् माही पेटीची चाबी! देवाऱ्याच्या खालीच ठेवत होती मी. तवापासून पेटी बंद हाय, नवऱ्याले सांगतलं नाई." तिचा नवरा तिथंच होता. "काय?" तो ओरडला, आणि मग सगळं निंबाखालचं अंगण हसायला लागलं. कोणाचा अडकित्ता गेला होता, कोणाची तेलाची पळी, कोणाच्या पोराच्या कमरेचा चांदीचा करदोडा. जो तो इतके दिवस मनात धरून बसला होता, की डोहाकडं पाहिलं तरी लोक काय म्हणतील. बा मधोमध तसाच सावधान उभा, आणि त्याच्या ओठांचे कोपरे हलायला लागले होते.

कोंडबा हसले नाहीत. "समदं खरं," ते म्हणाले. "पन गठोडी वर काढली त देव बी वर येतीन. त्याचं काय?"

तेव्हा माझी माय बोलली. सभेत ती तोवर कधी बोलली नव्हती. "येतीन त येऊ द्या. पुन्हा फेकू. एकडाव फेकता आले, मंग दुसऱ्या डावाले काय जड हाय?"

कोंडबा खाली बसले, एक शेंग उचलली आणि म्हणाले, "गळ माह्या घरी हाय."

गळ म्हणजे विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी आकड्यांचा झुबका. दुसऱ्या दिवशी ऐन सकाळी, सगळ्या गावाला दिसेल असे, आम्ही पुन्हा डोहावर. लपायचं नाही हे बानंच ठरवलं. पाणी उतरलं होतं. तरणी माणसं बुड्या मारत होती, कोंडबा दोर धरून होते. गठोडं वर आलं की ओरडायचे, "कोनाचं हे?" आणि ज्याचं त्यानं पुढं व्हायचं. चावी निघाली, अडकित्ता निघाला, करदोडा निघाला. देव चिखलानं माखलेले, सगळे एकसारखे दिसत होते. आमचं गठोडं सर्वांत शेवटी आलं. माझ्या बापाच्या हाताचा लांब पल्ला सगळ्यांना तेव्हा कळला आणि त्यावरून त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं. मायनं गाठ सोडली. मेडलांच्या फिती कुजून दोऱ्या झाल्या होत्या, चांदण्या काळ्या पडल्या होत्या, पण होती सगळी. जपान्याचंही होतं. बानं ती सदऱ्याच्या घोळात घेतली आणि तिथंच चिखलात बसून एकेक पुसू लागला, कोणाकडं न पाहता.

माझं लक्ष मात्र मायकडं होतं. तिच्या हातात तिच्या माहेरचा टाक होता. तिच्या मायनं, माझ्या आजीनं, लग्नात दिलेला. तिनं तो लुगड्याच्या काठानं स्वच्छ पुसला. मला वाटलं आता ही ठेवून घेते. वस्तीतल्या सगळ्या बाया तिच्याकडं बघत होत्या, त्यांनाही तेच वाटलं असणार. माय दोन पावलं पाण्यात गेली, टाक पाण्याखाली धरला आणि हात उघडला. आधीचं गठोडं बानं फेकलं होतं. हा टाक तिनं सोडला. मग बाकीच्यांनीही आपापले देव पुन्हा पाण्यात टाकले. परत येताना तिचे डोळे भरलेले होते आणि ती मला म्हणाली, "चाल, भाकरी टाकाच्या हायेत."

त्या संध्याकाळी माय तिच्या जुन्या निळ्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून मेडलांना नव्या फिती शिवत होती. बा शेजारी बसून कुरकुरत होता, की खऱ्या फिती रंगीत असतात, प्रत्येक मेडलाचा पट्टा वेगळा, साहेब पाहील तर काय म्हणेल. मायनं दोरा दातानं तोडला. "एक सांगू का?" ती म्हणाली. "मेडलं होती तवर तुमचा रस्ता होता. मेडलं डोहात गेली, तवा रस्ता बी डोहात गेला. असा कसा हो रस्ता? अन् आमाले कोन्ता राजा मेडल देनार हाय?"

पुढच्या रविवारी निंबाखाली बानं सांगितलं की झेंड्याला तो एकटा जाणार नाही. ज्याला यायचं त्यानं यावं, आणि अनवाणी कोणी येऊ नये. मग काय, मारेगावच्या बाजारात आमच्या वस्तीनं चपलांची दुकानं पालथी घातली. कोणी टायरच्या घेतल्या, कोणी जुन्या शिवून घेतल्या. मायच्या पायात आयुष्यातली पहिली चप्पल आली, करकर वाजणारी, लाकडासारखी ताठ. ती घरातल्या घरात चालून पाहायची आणि प्रत्येक वेळी उंबऱ्याला अडखळायची.

त्या सकाळी आमची माणसं भिऊनच निघाली. खोटं कशाला सांगू? आज भाषणांत लोक छाती फुगवून सांगतात तसं काही नव्हतं. भुराबाईचा हात थंडगार होता, मी धरला होता. पुढं बा, निळ्या फितीची तीन मेडलं, बूट. मागं आम्ही, बाया, माणसं, पोट्टे, आणि पन्नास तऱ्हेच्या चपलांचा फटक फटक, करकर आवाज. मोठ्या गल्लीत तो आवाज असा घुमला, की ओट्यावरची माणसं वळून पाहायच्या आधीच त्यांना कळलं असणार. पाटील पान लावत होता. त्यानं बाच्या छातीकडं पाहिलं. मग त्याची नजर खाली आली आणि मागं मागं जात राहिली, पायांवरून. त्याचा मुलगा ओट्याची एक पायरी उतरला.

बा थांबला, सलाम ठोकला. आम्हीही थांबलो. आवाज बंद.

"सुखदेव," पाटील म्हणाला. सुख्या नाही म्हणाला, हे घरी गेल्यावर मायनं सगळ्यांना सांगितलं. "तुह्यापाशी मेडलं हायेत. ठीक हाय. या समद्यायले कोनं देली?"

मला वाटलं आता संपलं.

"माही बी मागून टपालानं आलती, पाटील," बा म्हणाला. "या समद्यायची बी येतीन."

ओट्यावर कोणीतरी खोकलं. शाळेच्या बाजूनं साहेबाच्या जीपचा भोंगा वाजला. पाटलानं मुलाकडं न पाहता हातानं खूण केली, बस खाली, आणि पानाला चुना लावायला लागला. बा मागं वळला नाही. डावा पाय उचलला. आणि आम्ही निघालो, चपलांसकट, सगळेच्या सगळे. ओटा मागं पडला तेव्हा भुराबाईनं एवढा मोठा श्वास सोडला, की पुढच्या बाया हसायला लागल्या. त्या दिवशी झेंड्याखाली साहेब काय बोलला ते मला एक अक्षर आठवत नाही. फिती चुकीच्या आहेत असं तो काही म्हणाला नाही, एवढं बानं आवर्जून सांगितलं.

ती मेडलं आता माझ्याकडं आहेत. बाची तीन, निळ्या फितीसकट. नातीनं मोबाईलवर शोधून कोणतं मेडल कशाचं ते मला सांगितलं, आणि जपान्याच्या मेडलासाठीही खूप शोधलं, पण त्यावर नाव नाही. त्याच्या सरकारनं नाव घातलं नव्हतं. ते मी कापसात गुंडाळून वेगळं ठेवलंय. कुठल्या मायचं होतं कोण जाणे.

पण मला सांगायचं होतं ते त्या दिवशी घरी आल्यावरचं. माय ओसरीवर बसली, चप्पल ओढून काढली आणि पाय पुढं केला. अंगठ्याशी हा एवढा फोड, फुटून रक्त आलेलं.

"हे पाहा," ती बाला म्हणाली. "तुमच्या त्या अमेरिकेच्या राजाले कागद धाडा. म्हणा, जखम झाली."

"अवं, अमेरिकेत राजा नसते."

"मंग जो कोनी असंन त्याले धाडा. दुश्मनाच्या गल्लीतली जखम हाय."

बा हसला. डोहात मेडलं गेल्यापासून पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. त्यानं कोमट पाणी आणून तिचा पाय धुतला. माय लाजेनं पाय ओढून घेत होती, "पोरगी पाहून राह्यली" म्हणत होती, आणि तो सोडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ना झेंडा होता, ना साहेब. बा कामावर गेलेला, मेडलं डब्यात. मायनं मेडलांच्या फितीतून उरलेली निळी चिंधी अंगठ्याला बांधली, तीच चप्पल पायात घातली, ज्वारीचं टोपलं डोक्यावर घेतलं आणि एकटीच मोठ्या गल्लीतून गिरणीवर दळायला गेली.